सेल भरलाय की मळलाय? एलटीई (४जी) नेटवर्कमधल्या रेडिओ साधनांचा हिशेब आणि दुरुस्तीचा क्रम

"या सेलचं पीआरबी युटिलायझेशन ८५ टक्क्यांवर गेलंय, नवा कॅरिअर द्या." रेडिओ ऑप्टिमायझेशनच्या कोणत्याही टीममध्ये ही मागणी वरचेवर होते. सेल म्हणजे टॉवरच्या एका अँटेनाने सांभाळलेला भाग, पीआरबी म्हणजे त्याच्या स्पेक्ट्रमचे छोटे ब्लॉक आणि कॅरिअर म्हणजे स्पेक्ट्रमचा आणखी एक पट्टा. काही वेळा ती अगदी रास्त असते. पण कितीतरी सेलमध्ये माणसं फार नसतात. तिथे प्रत्येक ब्लॉकमधून जेमतेम डेटा जातो, म्हणून ब्लॉक जास्त लागतात. असा सेल भरलेला नसतो, मळलेला असतो. त्यावर नवा कॅरिअर चढवला तर तोही काही दिवसांत तसाच मळतो.

म्हणून स्पेक्ट्रम मागण्याआधी हातातला स्पेक्ट्रम स्वच्छ आहे का ते पाहावं, आणि ते ठरावीक क्रमाने पाहावं. क्रम मोडला की आधीच्या पायरीचा दोष पुढच्या पायरीवरच्या पॅरामीटरखाली झाकला जातो. मग वर्षभराने आलेल्या इंजिनीअरला अमुक ऑफसेट इथे का टाकला होता हे कळायला मार्ग उरत नाही. हा लेख या कामात नव्याने उतरलेल्यांसाठी आहे. उदाहरणं एलटीईची घेतली आहेत, कारण त्यात हिशेब कागदावर मांडता येतो.

आधी हिशेब: एका ब्लॉकमधून किती बिट जातात?

एलटीईचा रिसोर्स ब्लॉक म्हणजे १५ किलोहर्ट्झचे १२ सबकॅरिअर, एकूण १८० किलोहर्ट्झ. शेड्युलर दर मिलिसेकंदाला ठरवतो की कोणता ब्लॉक कोणाला द्यायचा. ५ मेगाहर्ट्झच्या सेलमध्ये असे २५ ब्लॉक असतात, १० मध्ये ५० आणि २० मध्ये १००.

एका मिलिसेकंदात १४ सिम्बॉल, म्हणजे वेळेचे छोटे तुकडे, असतात. १२ सबकॅरिअर धरले तर एका ब्लॉकमध्ये १६८ जागा होतात. कंट्रोल चॅनलने (कोणता ब्लॉक कोणाचा हे फोनला सांगणाऱ्या भागाने) तीन सिम्बॉल घेतले की ३६ जागा गेल्या. दोन अँटेना पोर्टच्या रेफरन्स सिग्नलच्या (फोनने सिग्नल मोजावा म्हणून पाठवलेल्या ओळखीच्या खुणांच्या) उरलेल्या १२ गेल्या. डेटासाठी राहिल्या १२०. आता या १२० जागांमध्ये किती बिट बसतात ते फोनच्या सीक्यूआयवर ठरतं. सिग्नल किती चांगला मिळतो हे सांगायला फोन कळवतो तो आकडा म्हणजे सीक्यूआय, मोठा तो चांगला. सीक्यूआय ४ असेल तर दर जागी साधारण ०.६ बिट, म्हणजे ब्लॉकला ७२ बिट. सीक्यूआय ९ ला २८९ आणि सीक्यूआय १४ ला ६१४.

एक मेगाबाइट म्हणजे ८० लाख बिट. १० मेगाहर्ट्झच्या सेलमध्ये, एकाच लेअरवर (एका वेळी एकच डेटा-प्रवाह), सीक्यूआय १४ च्या ग्राहकाला एवढा डेटा द्यायला पूर्ण सेल पाव सेकंदभर लागतो. सीक्यूआय ९ च्या ग्राहकाला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त. सीक्यूआय ४ च्या ग्राहकाला सव्वादोन सेकंद. डेटा तेवढाच, पण कडेच्या ग्राहकासाठी सेल साधारण साडेआठपट वेळ राबतो.

यामुळेच सरासरी सीक्यूआय फसवा असतो. समजा निम्मा डेटा सीक्यूआय ४ वर गेला आणि निम्मा सीक्यूआय १४ वर. साधी सरासरी काढली तर ब्लॉकमागे ३४३ बिट येतात. प्रत्यक्षात मिळतात १२९, कारण बहुतेक सगळे ब्लॉक कमकुवत ग्राहकच खातो. अहवालात सरासरी लिहू नका. सीक्यूआय ५ च्या खाली किती टक्के सॅम्पल आहेत, ते लिहा.

आणखी एक आकडा कायम लक्षात ठेवावा. सीक्यूआय ७ वरून ९ वर गेलात तर त्याच स्पेक्ट्रममधून ६३ टक्के जास्त डेटा जातो. यासाठी लिलावात एक रुपयाही मोजावा लागत नाही.

कोणते काउंटर काढायचे

काउंटर म्हणजे सेल स्वतः नोंदवत असलेले आकडे. ते काढायचे किमान एका पूर्ण आठवड्याचे, तासावारी. आठवडी बाजार, रविवार, कारखान्याची साप्ताहिक सुट्टी या सगळ्यांचे ठसे त्यात यायला हवेत. डाऊनलिंक (टॉवरकडून फोनकडे) आणि अपलिंकचं (फोनकडून टॉवरकडे) पीआरबी युटिलायझेशन, सीक्यूआयचं वितरण, एकाच वेळी सक्रिय असलेले ग्राहक, ग्राहकामागे मिळणारा वेग, अपलिंकमधला प्रति-ब्लॉक नॉइज, टायमिंग अॅडव्हान्सचं (फोन टॉवरपासून किती लांब आहे ते दाखवणाऱ्या आकड्याचं) वितरण, कंट्रोल चॅनलचा वापर आणि प्रत्येक शेजाऱ्याबरोबरचं हँडओव्हरचं (फोन एका सेलवरून दुसऱ्यावर सोपवण्याचं) यश. ड्राइव्ह टेस्ट (गाडीतून फिरून केलेलं मोजमाप) नंतर करा. आधी काउंटर वाचले तर गाडी कुठे न्यायची ते कळतं.

पीआरबी निम्मेच वापरात आहेत आणि तरी तक्रारी येत आहेत, असं दिसलं तर पहिला संशय कंट्रोल चॅनलवर घ्या. छोट्या पॅकेटचे ग्राहक खूप झाले की ब्लॉक रिकामे असूनही ते कोणाला दिले हे सांगायला जागा उरत नाही. कडेच्या फोनला तोच निरोप आठपट जागा वापरून द्यावा लागतो, त्यामुळे इथेही मूळ दुखणं खराब सिग्नलचंच असतं.

हवा स्वच्छ करणं

माझ्या मते एकूण वेळातला निम्मा वेळ याच पायरीवर जायला हवा.

सुरुवात ओव्हरशूटिंगपासून, म्हणजे सेल आपल्या हद्दीपलीकडे पोचण्यापासून, करा. टायमिंग अॅडव्हान्सची एक पायरी म्हणजे सुमारे ७८ मीटर. शहरातल्या ज्या सेलने ५०० मीटर सांभाळायचे, त्याचे ग्राहक तीस-पस्तिसाव्या पायरीवर दिसत असतील, तर तो सेल अडीच किलोमीटरवर जाऊन दुसऱ्यांच्या अंगणात बोलतो आहे. तिथे तो स्वतः नीट ऐकू येत नाही आणि इतरांनाही नीट ऐकू देत नाही. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या साइट यात हमखास सापडतात. उंचीमुळे त्या खालच्या खोऱ्यात फार लांबपर्यंत दिसतात.

टिल्ट, म्हणजे अँटेनाच्या बीमचा खाली झुकाव, अंदाजाने देऊ नका. अँटेना ३० मीटर उंचीवर आणि सेलची कड ५०० मीटरवर असेल, तर खाली पाहण्याचा कोन ३.४ अंश येतो. एवढाच टिल्ट दिला तर बीमचा मध्य बरोबर कडेवर पडतो आणि वरचा अर्धा बीम पुढे निघून जातो. बीमची उभी रुंदी ७ अंश असेल तर त्यातले निम्मे मिळवा, म्हणजे एकूण ७ अंशांच्या आसपास. दाट वस्तीत मी या टोकाकडे झुकेन, मोकळ्या गावाकडे ३ ते ४ वर थांबेन. आधी इलेक्ट्रिकल टिल्ट (अँटेना न हलवता बीम वाकवणं) वापरा. मेकॅनिकल टिल्टने (अख्खा अँटेना झुकवल्याने) समोरचा बीम वाकतो, पण बाजूला तो फुगतो आणि मागचा वर उचलला जातो. एका वेळी १ ते २ अंशच बदला आणि उंच इमारतींच्या वरच्या मजल्यांवरून तक्रारी येतात का ते पाहा.

पीसीआय, म्हणजे सेलचा ओळखक्रमांक, तपासणं सोपं आहे, म्हणूनच ते विसरलं जातं. एलटीईत ५०४ पीसीआय आहेत. समोरासमोरच्या दोन सेक्टरच्या पीसीआयला ३ ने भागून बाकी सारखीच उरली, तर दोन्हींचे रेफरन्स सिग्नल एकमेकांवर आदळतात आणि रात्री रिकाम्या नेटवर्कमध्येही एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नलची ताकद) पडलेला दिसतो. नवी साइट जोडताना हे हमखास घडतं.

आता अपलिंक. एका ब्लॉकचा थर्मल नॉइज, म्हणजे कायम असणारा मूळ गोंगाट, उणे १२१.४ डीबीएम असतो. डीबीएम हे पॉवरचं माप आहे; उणे आकडा जितका छोटा, तितका गोंगाट जास्त. रिसीव्हरचे दोन-तीन डीबी धरले तर निरोगी सेल उणे ११९ ते ११८ दाखवतो. पहाटे तीन-चार वाजता, फोन झोपलेले असताना, हा आकडा उणे १०५ असेल तर दोष ग्राहकांच्या गर्दीचा नाही. अशा वेळी त्या सेलचं डाऊनलिंक काही मिनिटं कमी करून पाहा. नॉइज खाली आला तर कारण आपल्याच फीडरमध्ये, जंपरमध्ये (अँटेनाच्या केबलमध्ये) किंवा गंजलेल्या कनेक्टरमध्ये आहे, म्हणजे पीआयएम (आपलेच सिग्नल तिथे मिसळून तयार झालेला गोंगाट). किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत याची शक्यता जास्त, तेव्हा रिगरला टॉवरवर पाठवा. नॉइज जागचा हलला नाही तर तो बाहेरून येतो आहे.

बाहेरचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे विनापरवाना बूस्टर. दुकानात किंवा तळघरात कोणी तरी रेंज येत नाही म्हणून तो लावतो, आणि त्या एका खोलीत पट्ट्या वाढतात तेव्हा आजूबाजूच्या अनेक सेलचं अपलिंक बहिरं होतं. असा बूस्टर परवान्याशिवाय बाळगणं आणि वापरणं बेकायदेशीर आहे. दिशादर्शक अँटेना घेऊन जागा शोधा, नोंदी ठेवा आणि केंद्र सरकारच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे रीतसर तक्रार द्या. मालकाशी मात्र नीट बोला. तिथे खरोखरच कव्हरेज नसेल तर ते काम आपलं आहे.

२३०० मेगाहर्ट्झसारख्या टीडीडी बँडमध्ये (जिथे डाऊनलिंक आणि अपलिंक एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालतात) आणखी एक प्रकार दिसतो. हवेच्या थरांमुळे सिग्नल कधी कधी फार लांब वाहत येतो. डाऊनलिंक आणि अपलिंकमधली मोकळी जागा दोन सिम्बॉलची असेल तर ती १४३ मायक्रोसेकंदांची होते. सिग्नल तेवढ्यात ४३ किलोमीटर जातो. त्याहून लांबच्या साइटचं डाऊनलिंक मग आपल्या अपलिंकमध्ये घुसतं. ठरावीक ऋतूत, ठरावीक वेळी आणि एकाच दिशेच्या सेक्टरवर नॉइज चढत असेल तर हे आठवा.

पॉवर वाढवणं हा या पायरीवरचा उपाय नाही. शेजाऱ्यानेही तेवढीच वाढवली की दोघे जागच्या जागी राहतात. शिवाय १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या भागावर आणलेली आहे. त्यामुळे प्रत्येक वाढीबरोबर उत्सर्जनाचा हिशेब आणि प्रमाणपत्र पुन्हा तपासावं लागतं.

फोनची पॉवर आणि त्याला मिळणारे ब्लॉक

फोनची कमाल पॉवर २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॅट. ती जितक्या ब्लॉकवर पसरेल तितकी पातळ होते. पाथलॉस म्हणजे वाटेत सिग्नल किती कमी होतो तो आकडा, अल्फा म्हणजे त्यातला किती भाग फोनने भरून काढायचा ते, आणि पी-झिरो म्हणजे टॉवरला हवी असलेली पातळी. समजा अल्फा १ ठेवला आणि प्रत्येक ब्लॉक उणे १०६ डीबीएमला पोचावा असं ठरवलं. पाथलॉस १२० डीबी असलेल्या फोनला ब्लॉकमागे १४ डीबीएम लागतील, म्हणजे त्याला जेमतेम ८ ब्लॉक परवडतात. पाथलॉस १३० झाला की एकही ब्लॉक पुरा पडत नाही. आता अल्फा ०.८ करा आणि पी-झिरो उणे ८७ ठेवा. १२० वाल्याला ब्लॉकमागे ९ डीबीएम लागतात, म्हणजे २५ ब्लॉक मिळू शकतात. १३० वाल्याला चार. सिग्नल थोडा कमकुवत पोचतो, पण शेजारच्या सेलमध्ये कडेच्या फोनचा गोंगाटही कमी होतो.

अपलिंक मंद आहे म्हणून सगळ्या सेलचा पी-झिरो चढवण्याची सवय फार वाईट. सगळे फोन मोठ्याने बोलू लागतात, सगळ्यांचा नॉइज चढतो आणि बॅटऱ्या लवकर उतरतात.

लिंक अडॅप्टेशन

लिंक अडॅप्टेशन म्हणजे सिग्नल पाहून मॉड्युलेशन, म्हणजे एका जागेत किती बिट भरायचे ते, ठरवणं. इथे फार वेळ घालवू नका. पहिल्या प्रयत्नात १० टक्के ब्लॉक चुकावेत असं धरूनच यंत्रणा बांधलेली आहे, बाकीचं हार्क (चुकलेला ब्लॉक पुन्हा पाठवणारी यंत्रणा) सांभाळतं. चुकण्याचं प्रमाण १० च्या बरंच वर असेल तर सेल धाडसी मॉड्युलेशन देतो आहे. ते २-३ टक्क्यांवर असेल तर तो घाबरून जागा वाया घालवतो आहे. दोन्हींत आधी आऊटर लूप (चुका पाहून अंदाज सुधारणारा भाग) चालू आहे ना आणि फोन सीक्यूआय किती वेळाने पाठवतात ते पाहा. महामार्गावरच्या सेलला हा कालावधी छोटा हवा.

शेड्युलर: कोणाला, किती

कालव्याच्या पाणीपाळीचं गणित माहीत असलेल्याला शेड्युलर समजावून सांगावा लागत नाही. वरच्यालाच पाणी सोडत राहिलं तर एकूण पीक जास्त दिसतं आणि टेलचा शेतकरी कोरडा राहतो. ज्याचा सिग्नल उत्तम त्यालाच ब्लॉक देणारा शेड्युलर नेमकं तेच करतो. सगळ्यांना समान वेळ दिला तर कोणी उपाशी राहत नाही, पण चांगल्या क्षणाचा फायदाही कोणाला मिळत नाही. प्रोपोर्शनल फेअर पद्धत दोन्हींच्या मधली आहे. फोनला या क्षणी मिळू शकणारा वेग भागिले त्याला आतापर्यंत मिळालेला सरासरी वेग, हा भागाकार ज्याचा मोठा त्याची पाळी. म्हणजे प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या चांगल्या क्षणी ब्लॉक मिळतात.

बहुतेक उपकरणांत या भागाकाराचं वजन बदलता येतं. बैठकीत दाखवायचा सरासरी वेग वाढवण्यासाठी ते चांगल्या ग्राहकांकडे झुकवण्याचा मोह होतो. तो टाळा. सरासरी वाढते, पण कडेच्या घरातल्या मुलीचा ऑनलाइन वर्ग तुटतो आणि तो कुठल्याही तक्त्यात दिसत नाही. बदल करण्याआधी आणि नंतर सगळ्यात खालच्या ५ टक्के ग्राहकांचा वेग पाहा.

व्होल्टीच्या (एलटीईवरून होणाऱ्या कॉलच्या) आवाजाला क्यूसीआय १ हा सेवेचा वर्ग मिळतो आणि त्याची विलंबाची मर्यादा १०० मिलिसेकंद आहे. आवाजाचं पॅकेट दर २० मिलिसेकंदांनी येतं आणि छोटं असतं. ते ब्लॉक कमी खातं, कंट्रोल चॅनल जास्त. कडेवर आवाज तुटत असेल तर एकच पॅकेट सलग चार मिलिसेकंद पाठवणारं बंडलिंग सुरू करा, पण त्याचा उंबरठा खाली ठेवा. गरज नसलेल्या फोननेही बंडलिंग धरलं तर अपलिंक चौपट भरतं.

हँडओव्हर: कुठे सोडायचं

ए-३ इव्हेंटमध्ये (शेजारचा सेल सरस झाल्याचं फोन कळवतो ती घटना) ऑफसेट ३ डीबी आणि हिस्टेरिसिस (येरझाऱ्या टाळण्यासाठीचं जास्तीचं अंतर) १ डीबी असेल, तर शेजारी ४ डीबीने सरस झाल्याशिवाय फोन हलत नाही. दोन्ही सेल भरलेले असताना त्या क्षणी फोनचा एसआयएनआर उणे ४ च्या आसपास किंवा खाली असतो. म्हणजे सेलमधले सगळ्यात महाग ब्लॉक याच पट्ट्यात खर्च होतात. म्हणून मी हँडओव्हरचे आकडे रेडिओ साधनांच्या खात्यात धरतो, फक्त कॉल ड्रॉपच्या नाही.

टाइम-टू-ट्रिगर, म्हणजे शेजारी तेवढा वेळ सरस राहावा लागतो ती मुदत, ३२० मिलिसेकंद असेल तर ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात ९ मीटर जाते. १२८० मिलिसेकंद असेल तर ३६ मीटर. सरळ रस्त्यावर याने फारसं बिघडत नाही. घाटातल्या वळणावर किंवा बोगद्याच्या तोंडाशी जुना सेल काही मीटरांत नाहीसा होतो, तिथे मात्र याच फरकाने कॉल तुटतो. असं ठिकाण सापडलं तर पूर्ण क्लस्टरचे पॅरामीटर हलवू नका. त्या एका शेजाऱ्यासाठी सेल इंडिव्हिज्युअल ऑफसेट २-३ डीबीने वाढवा आणि कारण नोंदवून ठेवा. उलट, फोन दोन सेलमध्ये येरझाऱ्या घालत असतील तर बहुतेक वेळा दोष टिल्टचा असतो. पॅरामीटरने तो लपतो, जात नाही.

थरांची वाटणी

भारतातल्या कंपन्यांकडे एकाच टॉवरवर ८५० किंवा ९००, १८००, २१००, २३०० मेगाहर्ट्झ असे अनेक थर असतात. मोकळ्या हवेतसुद्धा ८५० चा सिग्नल २३०० पेक्षा साडेआठ डीबीने सरस पोचतो, भिंतींतून फरक आणखी वाढतो. मग होतं असं की २५ ब्लॉकचा ८५० चा थर गुदमरतो आणि १०० ब्लॉकचा २३०० चा थर मोकळा पडून राहतो. काम सरळ आहे: ज्याला २३०० नीट मिळतं त्याने २३०० वर बसावं, ८५० घराच्या आतल्या आणि कडेच्या माणसासाठी राखावा.

आयडल अवस्थेतला (फोन डेटा वापरत नसतानाचा) प्राधान्यक्रम ० ते ७ असतो. रुंद, वरच्या थराला मोठा आकडा द्या. खाली उतरण्याचा आणि वर परतण्याचा उंबरठा यांत किमान ६ डीबी अंतर ठेवा. आयडलचे आणि कनेक्टेडचे उंबरठे जुळवून घ्या, नाहीतर फोन झोपेत एका थरावर जातो आणि उठला की दुसऱ्यावर ढकलला जातो. दुसऱ्या फ्रिक्वेन्सीचं मोजमाप करायला फोन दर ४० मिलिसेकंदांत ६ मिलिसेकंद ऐकणं थांबवतो, म्हणजे १५ टक्के वेळ जातो. म्हणून ए-२ चा उंबरठा (सिग्नल ज्याखाली गेला की हे मोजमाप सुरू होतं) उगीच वर ठेवू नका.

वारीसारखी गर्दी

आषाढीला हा सगळा क्रम एकदम कसाला लागतो. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी मुक्काम करत वाखरीला पोचते. लोड एका जागी उभा राहत नाही, तालुक्यातालुक्यांतून चालतो. पंढरपुरात चंद्रभागेचं वाळवंट आणि ६५ एकरचा परिसर ही मोकळी मैदानं आहेत. सिग्नल अडवायला इमारती नाहीत, त्यामुळे प्रत्येक फोनला पाच-सहा सेल सारख्याच ताकदीने दिसतात. इथे जास्त पॉवरचा मोठा टॉवर उभा करणं म्हणजे गोंधळ वाढवणं. चाकांवरचे टॉवर कमी उंचीवर ठेवा, अरुंद बीमचे अँटेना घ्या, टिल्ट भरपूर द्या, पॉवर कमी करा.

गर्दीत अपलिंक आधी संपतं, कारण प्रत्येक जण दर्शनाचे फोटो आणि व्हिडिओ घरी पाठवत असतो. पी-झिरो थोडा खाली घ्या. रॅकवर (फोन सेलशी पहिला संपर्क साधतो त्या मार्गावर) लक्ष ठेवा. एका संधीत ६४ प्रीअँबल (फोनचे हाक मारण्याचे संकेत) असतात आणि त्यातले काही हँडओव्हरसाठी राखीव असतात. दहा मिलिसेकंदांत एकच संधी असेल तर ती दोन करा. प्रत्येक संधी अपलिंकचे ६ ब्लॉक खाते, हे मोजूनच करा. हे बदल पालखी पोचण्याच्या आदल्या दिवशी चढवायचे आणि पालखी हलली की उतरवायचे, असं मुक्कामवार वेळापत्रक तयार ठेवा.

अगदीच हाताबाहेर गेलं तर अॅक्सेस क्लास बॅरिंग आहे. त्याने काही टक्के फोनना थोडा वेळ थांबवता येतं. आपत्कालीन कॉलसाठीचं बॅरिंग वेगळं असतं. ते बंदच आहे ना, ११२ लागतो ना, हे दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं. चेंगराचेंगरीच्या शक्यतेच्या ठिकाणी यात ढिलाई चालत नाही.

मग कॅरिअर मागा

वरचं सगळं करून सीक्यूआय सुधारला, थर समतोल झाले, पहाटेचा नॉइज उणे ११८ ला आला आणि तरी गर्दीच्या तासाला सगळेच थर भरत असतील, तर सेल खरोखर भरलेला आहे. आता ठामपणे मागा. मागणीबरोबर आधीचं आणि नंतरचं सीक्यूआय वितरण, टायमिंग अॅडव्हान्सचा आलेख आणि खालच्या ५ टक्के ग्राहकांचा वेग जोडा. लोड एकाच बाजाराभोवती किंवा बसस्थानकाभोवती गोळा झाला असेल तर कॅरिअरऐवजी तिथे छोटी साइट मागा. सगळीकडे सारखा पसरला असेल तर कॅरिअर.

५जी ची साइट असेल तर आकडे बदलतात, क्रम तोच राहतो. ३३०० मेगाहर्ट्झच्या बँडमध्ये १०० मेगाहर्ट्झला ३६० किलोहर्ट्झचे २७३ ब्लॉक मिळतात आणि स्लॉट अर्ध्या मिलिसेकंदाचा होतो. सतत चालू राहणारे सेलभरचे रेफरन्स सिग्नल नसल्यामुळे रिकामा सेल शेजाऱ्याला फारसा त्रास देत नाही. पीसीआय १००८ आहेत. मात्र बँड टीडीडी असल्यामुळे शेजारच्या कंपनीची फ्रेम (पाठवण्या-ऐकण्याचं वेळापत्रक) आपल्या फ्रेमशी जुळलेली हवी. जीपीएसचं घड्याळ निसटलेली एकच साइट आसपासच्या साइटचं अपलिंक बुडवू शकते, त्यामुळे तिथे नॉइज चढलेला दिसला की टिल्टच्या आधी घड्याळाचा अलार्म उघडून पाहा.